आमची वाटचाल, किंवा रेती-करवंट्या विकून पोट कसं भरतं

काय धंदा करता असं कोणी विचारलं की मी सरळ सांगतो, बालवाड्यांना रेती, माती, करवंट्या, बिया, लाकडाचे तुकडे पुरवतो. समोरचा हसतो. आमचे सासरे तर दोन वर्षं लोकांना सांगत होते जावई बिल्डिंग मटेरियलमध्ये आहे.

मूळचा फर्निचरचा कारखाना, भांडुपला, वडिलांचा. 2009 ला चेंबूरच्या एका बालवाडीच्या बाई बुटकी बाकं करून घ्यायला आल्या आणि जाताना खाली पडलेले कापातले तुकडे पिशवीभर मागून नेले. आठवड्याने परत हजर, म्हणाल्या अजून द्या, पण कडा घासून द्या आणि पैसे लावा. त्यांनीच समजावलं की मोटार दिली तर पोरगं मोटारच खेळतं, नुसता ठोकळा दिला तर तो सकाळी साबण, दुपारी मोबाईल आणि संध्याकाळी पोलीस. आता अशा सुट्या वस्तूंना लूज पार्ट्स म्हणतात, 1971 ला निकोल्सन नावाच्या माणसाने मांडलं वगैरे, पण बाईंचं म्हणणं आपल्या बालशिक्षणवाल्या ताराबाई मोडक 1945 पासून डहाणूजवळच्या बोर्डीला हेच करत होत्या, शिंपले, बिया, पानं घेऊन. फक्त इंग्लिश नाव नव्हतं.

बाईंनी अजून एक गोष्ट दिली. साधारण 32 एमएमच्या भोकातून जे पडतं ते तीन वर्षांखालच्या पोराच्या घशात अडकू शकतं. मी त्याच संध्याकाळी सागाच्या फळीला होल सॉ, म्हणजे गोल भोक पाडायची करवत लावून सव्वा इंची भोक पाडलं. ती फळी अजून माझ्या टेबलावर आहे, हात लागून लागून भोकाची कड काळी झालीय. चिंचोके, सागरगोटे त्यातून पडतात म्हणून ते मोठ्या गटालाच, लहानांना करवंट्या आणि मोठे ठोकळे. ठोकळ्याला आधी 80 चा पॉलिश पेपर, मग 120, मग 220, आणि वर कच्चं अळशीचं तेल, बॉइल्ड नाही, त्यात ड्रायर, म्हणजे तेल लवकर सुकवणारं रसायन असतं. चिंचोके कढईत हलके भाजून घ्यायचे नाहीतर भुंगा लागतो, आमचं एक पोतं पहिल्याच पावसाळ्यात पीठ झालं होतं.

2011 ते 2016 चाललं. बरं चाललं.

2017 ला अंधेरीचा एक माणूस आला, दोन बियांचे बॉक्स घेतले, फार गोड बोलला, चहा प्यायला. दीड महिन्याने तोच बॉक्स ऑनलाईन, तेच कप्पे, तोच गोणपाटाचा तुकडा, किंमत आमच्यापेक्षा 200 रुपयांनी कमी. तेही चाललं असतं हो, कॉपी कोण करत नाही. पण शहाण्याने त्यात गुंजा टाकल्या! फोटोत लाल-काळं छान दिसतं म्हणून. गुंजेचं कवच फुटलं, पोराने चावली तर ते विष आहे, आमच्या गावाकडे शेंबडं पोरही सांगेल. कोणाला काही झालं नाही, पण एका आईने ओळखल्या आणि मेसेज फिरला, 'बियांचे बॉक्स विषारी'. कोणाचे ते त्यात नव्हतं. माझ्या 14 पैकी 11 शाळांनी पंधरा दिवसांत ऑर्डर थांबवली, एका मोठ्या शाळेने तर आधीच पोचलेल्या मालाचे 18,000 रुपये अडकवले, 'कमिटी बघेल' म्हणून. मी रंधा विकायला काढला होता, खोटं नाही सांगत.

बाईंनी फोन केला, शनिवारी सगळा माल घेऊन या, ती फळी पण आणा. त्यांनी अंगणात चादर अंथरली, पालकांना बोलावलं आणि चारही पोती त्यावर ओतायला लावली. म्हणाल्या, शोधा गुंज. ऑफिसचे बूट घातलेला एक बाबा उकिडवा बसून प्रत्येक सागरगोटा नखाने उचलत होता, अर्ध्या तासाने बघतो तर गुंज राहिली बाजूला, त्याचा मुलीबरोबर करवंट्यांचा मनोरा चाललाय आणि ती ओरडतेय, बाबा तू हलवू नको. त्या महिन्यात तीन शाळा परत आल्या.

2020 सगळ्यांचंच गेलं, त्यावर काय लिहायचं. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला तेव्हा मी बॉक्स विकणंच बंद केलं, आता जागेवर जाऊन रेतीचा हौद, मातीचा कोपरा, पाण्याचे पाईप लावून देतो. नवीन कोणी यात येत असेल तर ऐका. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली रेती नको, तिची धूळ छातीत जाते, चौपाटीची तर अजिबात नको. नदीची रेती आणा, पाणी नितळ निघेपर्यंत धुवा, रात्री ताडपत्री घाला, नाहीतर सोसायटीतली मांजरं त्याचं संडास करतात. पोराला काय बनवलंस असं विचारत बसू नका, त्यालाही माहीत नसतं. आणि निम्मा ॲडव्हान्स आल्याशिवाय घमेलंसुद्धा टेम्पोत चढवू नका.

त्या शाळेचं दिवाळीचं शुभेच्छापत्र दरवर्षी येतं, जाड कागदाचं, सोनेरी कड. 18,000 अजून कमिटीकडेच आहेत.