तुम्ही विचारलंत म्हणून : बेळगावात आधी कोण?

लग्नात विचारता, तेराव्याला विचारता, परवा तर टपरीवर चहात बिस्किट बुडवता बुडवता विचारलंत : "सर, तुम्ही पुरातत्त्व शिकलात. इथं आधी कोण? आपण की कानडी?"

आधी गेंडा. गोकाकजवळ चिकदौलीला भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूटला गेंड्याची हाडं मिळाली आणि 1874 साली त्यानं त्या गेंड्याला दख्खनचं नाव दिलं. मातृभाषेचा रकाना मात्र कोरा आहे.

चिडू नका. मीही चिडलो असतो, चोविसाव्या वर्षी. पुण्याहून शिकून नुकता परतलो होतो आणि गल्लीच्या गणपतीत माझं व्याख्यान ठेवलं होतं. त्याच्या महिनाभर आधी मी आणि माझा एक वर्गमित्र कोप्पळ जिल्ह्यातल्या हिरेबेनकलला जाऊन आलो होतो. तो घरी कानडी, माझ्याशी मराठी. शाळेपासून आमचा बाक एक. डोंगरमाथ्यावर ग्रॅनाइटच्या फरशा उभ्या करून बांधलेली लोहयुगातली शेकडो थडगी. काही फरशांना गोल भोकं. एकात त्यानं डोकं घातलं आणि आतूनच ओरडला, "थंडगार आहे गा!" गावकरी या थडग्यांना 'मोर्यर मने' म्हणतात, मोर्यांची घरं. मोर्य म्हणजे कुणी बुटकी माणसं. हे मला त्यानंच उलगडून सांगितलं. माझं कानडी तेव्हा बसच्या पाटीपुरतं.

आणि मंडपात माइक धरून मी म्हणालो, "मोर्य म्हणजे आपले मोरे!"

काय टाळ्या पडल्या! तो तिसऱ्या रांगेत होता. उठून गेला नाही. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या एकात एक घालत राहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "डोकं मी घातलं. मोरे तुझे." पुढे भेटलो, बोललो, त्याच्या मुलीच्या लग्नात जेवलो. डोंगरावर मात्र पुन्हा बरोबर गेलो नाही.

बरीच वर्षं स्वतःला सांगायचो, नुसतं नावातलं साम्य तर दाखवलं. खोटंच की ते. दक्षिणेतल्या नवाश्मयुगीन वस्त्यांशी नातं सांगणारी राखाडी घोटीव भांडी महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगीन गावांत मिळतात. आणि महाराष्ट्रातल्या जोर्वे गावच्या पद्धतीची खापरं खाली बळ्ळारीकडे तेक्कलकोटला. म्हणजे 3000 वर्षांपूर्वीही ये-जा होतीच, कदाचित मडकी आली, कदाचित ती घडवणारी सून आली. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात तेव्हा मेलेलं मूल दोन मडकी तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरत. मडक्यांत पुरण्याची रीत तेक्कलकोटलाही दिसते. कुणी कुणाची उचलली यावर जाणत्यांचं भांडण आहे. हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. मंडपात खापरांवर टाळ्या मिळत नाहीत, एवढंच.

मग 1 नोव्हेंबरला, बेळगाव म्हैसूर राज्यात घातलं त्या दिवशी, काळी फीत का लावता, असं विचाराल. लावतो. 1956 चा हिशेब 1956 चा. त्याला थडग्यांची साक्ष कशाला? असं म्हणतो खरा. पण मागच्या महिन्यात एका सभेत कुणीतरी "ही भूमी अनादी काळापासून कन्नडच" म्हणाला, तेव्हा माझ्या जिभेवर पुन्हा 'मोरे' आलं होतं. गिळलं.

शेजारचा म्हणाला, "सर, काही म्हणालात?"