ऑक्टोबरमध्ये माशांचे लार्व्हा शोधताना (माझा अनुभव)

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी विषय घेतला होता की गोव्यासमोर 25-30 मीटर पाण्यात माशांचे लार्व्हा (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं) नक्की किती खोलीवर असतात, आणि गाईड म्हणाले ऑक्टोबरमध्येच जा, खरी गंमत तेव्हा असते. गंमत कसली, ट्रॉलरवर डिझेलचा वास, डोक्यावर ऊन न् समुद्र वरून एकदम शांत.

पण खाली वेगळंच चाललेलं असतं. पावसाळ्यात खोलातलं थंड, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी किनाऱ्याकडे वर चढतं, त्यावर पावसाचं न् नद्यांचं हलकं पाणी झाकणासारखं बसतं, दोन्ही मिसळत नाहीत आणि मेलेलं प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) कुजून उरलासुरला ऑक्सिजनही संपतो. लिटरला 2 मिलिग्रॅमच्या खाली गेला की हायपॉक्सिया, म्हणजे ऑक्सिजनची टंचाई. आम्ही बाटल्यांमध्ये विंकलरची रसायनं घातली (ऑक्सिजन असला की साका तपकिरी होतो, नसला की पांढराच राहतो) तर वरच्या पाण्यात मस्त तपकिरी साका, तळाजवळच्या बाटलीत जवळजवळ पांढरा! सेन्सरच्या आकड्यापेक्षा मला ते जास्त पटलं. तांडेल काकांनी बाटली उन्हात धरून बघितली न् म्हणाले, "म्हणान मासो वर इलो हा."

म्हणून सांगते, कितीही घाई असली तरी आधी सीटीडी (खारटपणा, तापमान न् खोली मोजणारं यंत्र) सोडा, थर कुठे बदलतो ते बघा, मग जाळं. पाच, दहा, वीस मीटर असं घरूनच ठरवून गेलात तर एकच जाळं दोन वेगळ्या पाण्यांतून फिरतं आणि मोजणीला काही अर्थच राहत नाही. आमचं बंद होणारं जाळं होतं, तारेवरून वजन खाली सोडायचं, ते आपटलं की तोंड मिटतं आणि वर तारेला हात लावला तर झटका कळतो. मग जाळं बाहेरूनच धुवायचं, सॅम्पल लगेच फॉर्मलिनमध्ये.

लॅबमधलं सॉर्टिंग मात्र मान मोडणारं. बहुतेक लार्व्हा वरच्या थरातलेच निघाले, तारलीच्या कुळातले लांबुडके, आतडं सरळ मागपर्यंत गेलेलं. खालच्या थरात तुरळक, त्यातही ब्रेगमासेरॉस नावाचे छोटे मासे, ज्यांना कमी ऑक्सिजन चालतो. रात्री वर जास्त मिळाले, पण लगेच मायग्रेशन (रात्री वर, दिवसा खाली असं स्थलांतर) म्हणू नका, दिवसा त्यांना जाळं दिसतं न् ते चुकवतात.

आता हिवाळ्यात तळाचं पाणी सुधारलं की तिथेच परत जायचंय, म्हणजे हलक्या पाण्याचं झाकण नसताना लार्व्हा किती खाली उतरतात ते कळेल. बोटीचं भाडं कोण देणार ते अजून ठरायचंय.