आईवडिलांसाठी सहल निवडताना

गेल्या काही वर्षांत मी आईवडिलांना घेऊन बऱ्याच समूह सहली केल्या. त्यांतून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे: कुठे जायचे हे ठरले, तरी कोणत्या प्रकारच्या सहलीने जायचे हे ठरवल्याखेरीज किंमत विचारण्यात अर्थ नसतो. ‘ग्रुप टूर’ हा एकच शब्द आपण सगळ्यांसाठी वापरतो. मात्र प्रत्येक प्रकारात दिवसाची आखणी वेगळ्या कारणाने होते आणि अडचण आल्यावर जबाबदारी वेगळ्या माणसावर येते.

आमची पहिली सहल अष्टविनायकाची होती. पुण्याहून दोन दिवस आणि एक मुक्काम अशी ही यात्रा असते. परंपरेने ती मोरगावला सुरू होऊन मोरगावलाच संपते, पण बस बहुधा रस्त्याच्या सोयीने फिरते. क्रम पाळायचा असेल तर तसे आधीच विचारावे लागते. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या वडिलांना झेपतील का, हा प्रश्न आम्हाला पायथ्याशी पोहोचल्यावर पडला. तो घरीच पडायला हवा होता.

काशी किंवा नर्मदा परिक्रमेसारख्या लांबच्या यात्रा नेणाऱ्या कंपन्यांची रीत मला फार आवडते. आचारी, शिधा आणि भांडीकुंडी बरोबर असतात, मुक्काम भक्तनिवासात किंवा धर्मशाळेत असतो, पहाटे चहा मिळतो आणि घरापासून हजार किलोमीटरवर वरण-भात व पोळी-भाजी ताटात येते. आईसारख्या, बाहेरचे तिखट न सोसणाऱ्या माणसासाठी याचे मोल मोठे आहे. मात्र तिथे वेळापत्रक यात्रेच्या नियमांवर चालते. परिक्रमेत नर्मदा सतत उजव्या हाताला ठेवायची आणि वाटेत ती ओलांडायची नाही, म्हणून जवळचा पूल समोर दिसत असला तरी गाडी लांबच्या वाटेनेच जाते. हे ज्याला पटते त्याला ही यात्रा समाधान देते. स्थळदर्शनाच्या अपेक्षेने आलेला मनुष्य तिसऱ्या दिवशी कंटाळतो.

ठरलेल्या तारखांना निघणाऱ्या सहलींचा प्रकार आपल्याकडे सर्वांत परिचित आहे. टूर मॅनेजर पहिल्या दिवसापासून बरोबर असतो, बसमधल्या जागा रोज बदलतात आणि दर बहुधा दोघांनी एक खोली वापरण्याच्या हिशेबाने छापलेला असतो, त्यामुळे एकट्याने येणाऱ्याला खोलीचा फरक भरावा लागतो. महिला विशेष किंवा ज्येष्ठ नागरिक विशेष सहली याच चौकटीत बसतात. ज्येष्ठांच्या सहलीबद्दल मी एकच गोष्ट विचारते: सकाळी किती वाजता निघायचे आणि सलग किती तास बसमध्ये बसायचे? नाव ‘ज्येष्ठ विशेष’ असूनही दिवसभराचा प्रवास तोच असेल, तर त्या नावाचा उपयोग नाही.

सर्वांत नीट समजून घ्यायला हवा तो ‘जॉइनिंग-लीव्हिंग’ प्रकार, कारण त्यात आम्ही चुकलो. या प्रकारात विमानाचे तिकीट आपण काढतो आणि कंपनीची जबाबदारी त्या गावात पोहोचल्यावर सुरू होते. लेहला जाताना दिल्लीहून आमचे विमान हवामानामुळे रद्द झाले आणि आम्ही एक दिवस उशिरा पोहोचलो. लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे, तिथे उतरल्यावर विरळ हवेची सवय व्हावी म्हणून दोन दिवस विश्रांती आवश्यक मानतात आणि समूह तर आम्ही पोहोचल्याच्या दुसऱ्या सकाळी ‘खारदुंग ला’ ही उंच खिंड ओलांडून नुब्रा खोऱ्यात निघणार होता. वडिलांचे डोके दुखत होते. एका कुटुंबासाठी कार्यक्रम बदलता येणार नाही, असे कंपनीने सांगितले आणि आम्ही सही केलेल्या अटींत ते लिहिलेलेही होते. आम्ही लेहमध्येच थांबलो. नुब्राचे मुक्काम हुकले, पैसे परत मिळाले नाहीत. समूहाबरोबर टूर मॅनेजर मुंबईहूनच येणार असता, तर तोच आमच्याबरोबर दिल्लीत अडकला असता आणि पुढचा मार्ग त्याला काढावा लागला असता.

त्यानंतर मी लडाखचे कार्यक्रम उंचीच्या क्रमाने वाचायला शिकले. नुब्रातले हुंदर गाव लेहपेक्षा खाली आहे आणि पँगाँग सरोवर 4,200 मीटरच्याही वर आहे, म्हणून नुब्राचा मुक्काम आधी आणि पँगाँगचा नंतर हा क्रम शरीराला मानवतो. लेहला उतरल्यावर तिसऱ्याच दिवशी पँगाँगला मुक्काम दाखवणारी सहल स्वस्त असली तरी मी घेणार नाही.

परदेशात अर्ध्या दिवसाच्या शहरदर्शनासाठी सामायिक बसमधली जागा विकतात, ती सोय चांगली आहे. फक्त तिला ग्रुप टूर समजू नये, कारण तिथे आपली वाट पाहणारे कोणी नसते. रेल्वेच्या भारत गौरव गाड्या, म्हणजे खास पर्यटनासाठी सुटणाऱ्या गाड्या, हा त्याहून भक्कम पर्याय आहे. जून 2025मध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून रायगड, शिवनेरी, प्रतापगड आणि पन्हाळा दाखवणारी अशी गाडी सुटली. सामान रोज उचलावे लागत नाही, ही त्यातली वडिलांना सर्वांत पटलेली बाब.

आता आईला केदारनाथला जायचे आहे. गौरीकुंडापासून सुमारे 16 किलोमीटरची चढण तिला शक्य नाही. धुक्यामुळे हेलिकॉप्टर रद्द झाले तर राखीव दिवस आहे का, आणि त्या मुक्कामाचा खर्च कोण करणार, हे मी दोन कंपन्यांना लेखी विचारले आहे. एकीने फोनवर ‘काळजी करू नका’ म्हटले, दुसरीने राखीव दिवस धरून नवा कार्यक्रम पाठवला. तो सहा हजारांनी महाग आहे आणि आम्ही त्याचेच आगाऊ पैसे भरणार आहोत.