तुम्ही विचारलंत म्हणून : महागडी बेस घेतली, तर वाजवणे सुधारेल का?

गेल्या जुलैमध्ये डोंबिवलीहून एक बाई आपल्या १७ वर्षांच्या मुलाला घेऊन गिरगावात माझ्याकडे आल्या. मुलगा दीड वर्ष बेस गिटार (चार जाड तारांची, खर्जाचे सूर देणारी गिटार) शिकत होता; त्याच्याकडे १४ हजार रुपयांची बेस होती आणि त्याला आता दीड लाखाची हवी होती. तो दाराबाहेर चपला काढत असतानाच त्यांनी हळू आवाजात विचारले, "सर, एवढे पैसे घातले, तर हा खरंच चांगलं वाजवेल का?" गेली पंचवीस वर्षे हा प्रश्न मला विचारला जात आहे. शिकायला येणारी मुले विचारतात, त्यांचे पालक विचारतात, वाद्यवृंदात नव्याने दाखल झालेले वादक कार्यक्रम संपल्यावर केबल गुंडाळता गुंडाळता विचारतात. त्या बाईंना मी थोडक्यात जे सांगितले, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

उत्तर देण्याआधी मी त्या मुलाची बेस मांडीवर घेतली. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे बेसच्या दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सर्वांत जाड तार फ्रेटच्या माथ्यापासून जवळजवळ ५ मिलिमीटर वर होती. ती अडीच मिलिमीटरच्या आसपास असली, म्हणजे बोट सहज बसते. मुलगा दीड वर्ष ही तार सगळा जोर लावून दाबत आला होता. त्यामुळे त्याचे मनगट आखडले होते, एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जाताना हात उशिरा पोहोचत होता आणि आपल्याला लय जमत नाही, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते. एवढ्या उंचीवरून खाली दाबताना तार ताणली जाते, म्हणून वरचे सूर चढेही लागत होते. त्याच्या कानाला हे कळत होते, पण दोष आपल्या बोटांचा आहे अशी त्याची समजूत होती.

चार तारा मिळून नेकवर, म्हणजे बेसच्या दांडीवर, सुमारे ८० किलोचा ताण टाकतात. हा ताण तोलून धरण्यासाठी नेकच्या आत ट्रस रॉड नावाची पोलादी सळई असते. मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हवेतील आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर राहते, लाकूड ओलावा पिते, नेकचा बाक बदलतो आणि मे महिन्यात नीट असलेली बेस ऑगस्टमध्ये परक्याची वाटू लागते. त्यावर उपाय म्हणजे सळईचा नट ॲलन की या षट्कोनी चावीने पाव फेरा फिरवणे, नेकला स्थिरावू देणे आणि पुन्हा पाहणे. त्यानंतर तारांचे खालचे टोक धरणाऱ्या ब्रिजवरील सॅडल, म्हणजे प्रत्येक तारेखालचा छोटा टेकू, वरखाली करून तारांची उंची ठरवतात, आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर त्याच जागेवरच्या हार्मोनिकशी (तार न दाबता बोट नुसते टेकवून काढलेल्या सुराशी) तंतोतंत जुळेपर्यंत सॅडल पुढेमागे सरकवतात. एवढ्या सगळ्याला सेटअप म्हणतात, आणि जाणकार कारागीर तो हजार-दीड हजार रुपयांत करून देतो.

आपल्याकडे हे कोणाला वेगळे समजावून सांगावे लागू नये. मिरजेहून आणलेला उत्तम तंबोरादेखील जवारी (घोडीचा तार टेकते तो माथा) बिघडलेली असेल, तर बोलत नाही, आणि कसबी हाताने जवारी काढली की साधा तंबोराही खोली भरून टाकतो. कोणत्याही गवयाच्या घरी जवारी न पाहता तंबोरा बैठकीला लावत नाहीत. बेस मात्र दुकानातून आली तशीच वर्षानुवर्षे वाजवली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मी स्वतः याच वाटेने गेलो आहे. १९९६ साली मी एका ज्येष्ठ वादकाकडून भारतीय बनावटीची जुनी बेस घेतली आणि दोन वर्षे रोज दोन तास घासली. शेवटी खेतवाडीतील एका वाद्यदुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी ती पाहिली, नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या (तिलाही नटच म्हणतात) खाचा कानशीने खोल केल्या, दोन उठलेले फ्रेट बसवले आणि नेक सरळ केली. त्या आठवड्यात माझे वाजवणे जितके सुधारले, तितके पुढे कोणत्याही खरेदीने सुधारलेले नाही. माझ्या हातात जे दोन वर्षांत आले होते, ते बाहेर पडायला वाट मिळाली, एवढेच घडले होते.

आता महागड्या वाद्याविषयी. २०११ साली मी बरीच वर्षे साठवलेल्या पैशांतून अमेरिकी बनावटीची बेस घेतली, आणि घेतल्यावर एक गोष्ट मुद्दाम करून पाहिली. जुन्या आणि नव्या, अशा दोन्ही बेसवर एकाच जातीच्या नव्या तारा चढवल्या, एकाच केबलने, एकाच मिक्सरमधून, इतर वाद्यांसह एका गाण्याचा अंतरा दहा वेळा ध्वनिमुद्रित केला, आणि महिनाभराने आमच्या ढोलकीवादकाला ते तुकडे क्रम बदलून ऐकवायला सांगितले. दहापैकी सहा वेळा मी बरोबर ओळखले, म्हणजे नाणे उडवले असते तरी साधारण तेवढेच जमले असते. बेस एकटी ऐकली, तेव्हा फरक कळत होता. ढोलकी, की-बोर्ड आणि गळा यांच्यात ती मिसळली, की तो फरक विरघळून जात होता.

व्हायोलिनच्या बाबतीत हाच प्रश्न संशोधकांनी काटेकोरपणे तपासला आहे. अमेरिकेत इंडियानापोलिस येथे २०१० साली झालेल्या एका प्रयोगात २१ वादकांना डोळ्यांवर काळे चष्मे चढवून सहा व्हायोलिन वाजवायला दिली होती. त्यांत तीन नवी होती, आणि इटलीतील नामांकित जुन्या कारागिरांपैकी दोन स्ट्रॅडिव्हरियसची व एक ग्वार्नेरीचे होते. बहुतेकांना नवे व्हायोलिन अधिक आवडले, आणि आपल्याला आवडलेले वाद्य जुने की नवे हे बहुतेकांना सांगता आले नाही. त्या तीन जुन्या वाद्यांची किंमत कोट्यवधी रुपयांची होती. माझ्या घरगुती प्रयोगाला त्याच्या पंक्तीत बसवण्याचा माझा हेतू नाही, पण हा निष्कर्ष वाचल्यापासून मी किमतीविषयी बोलताना अधिक निःशंक झालो आहे.

मग बेसवादकाचे वाजवणे सुधारते, म्हणजे नेमके काय होते? माझ्या मते ते सूर कोठे सुरू होतो यापेक्षाही तो कोठे संपतो, यावरून ओळखावे. कोळीगीताच्या सहा मात्रांच्या चालीत बेस प्रामुख्याने पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. पहिल्या मात्रेचा सूर तसाच चौथीपर्यंत रेंगाळला, तर ढोलकीच्या धुमेचा (खर्जाच्या बाजूचा) घुमारा त्याखाली दबतो आणि गाणे जड होते. तोच सूर धुमेला जागा सोडून वेळेवर थांबला, तर त्याच ढोलकीवर पाय आपोआप हलू लागतात. सूर थांबवण्याचे हे काम डाव्या हाताचे बोट तारेवरून न उचलता केवळ दाब सैल करून करते, आणि न वाजणाऱ्या तारा उगाच घुमू नयेत, म्हणून उजव्या हाताचा अंगठा त्यांच्यावर टेकलेला असतो. हे दिसायला अगदी लहान आहे. मला ते अंगवळणी पडायला सात-आठ वर्षे लागली, आणि तेही शेजारी बसलेल्या ढोलकीवादकाने दर रविवारी न कंटाळता टोकल्यामुळे.

त्या मुलाला मी मेट्रोनोम (ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून एक सूर दोन मात्रा धरायला आणि पुढच्या दोन मात्रा पूर्ण गप्प राहायला सांगितले. गप्प राहायच्या मात्रांतही त्याची तार गुणगुणत राहिली. दीड लाखाच्या बेसवर ती अधिकच गुणगुणली असती, कारण चांगल्या बनावटीच्या बेसचा सूर जास्त वेळ टिकतो, आणि ज्याला तो थांबवता येत नाही, त्याची अडचण त्यामुळे वाढते.

जेम्स जेमर्सन यांचे उदाहरण मी प्रत्येक शिष्याला देतो. १९६०च्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या असंख्य गाण्यांत त्यांनी बेस वाजवली, आणि त्यांच्यानंतरचा प्रत्येक बेसवादक त्यांचा कोठे ना कोठे ऋणी आहे. त्यांच्याकडे १९६२ सालची फेंडर प्रिसिजन होती, म्हणजे कारखान्यात तयार होणारी आणि कोणालाही विकत घेता येणारी बेस. तिच्यावर जाड, गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा होत्या आणि त्या तुटल्याशिवाय ते बदलत नसत. उजव्या हाताची केवळ तर्जनी वापरून ते वाजवत. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हॅम्बर्गमध्ये हॉफ्नरची व्हायोलिनच्या आकाराची बेस घेतली, तीसुद्धा फेंडर परवडत नव्हती म्हणून, सुमारे ३० पौंडांत. या दोघांच्या वाद्यांच्या प्रतिकृती आज लाखो रुपयांना विकल्या जातात, आणि त्या घेणाऱ्यांच्या हातून त्यांच्यासारखे सूर निघत नाहीत.

याचा अर्थ महागड्या बेसमध्ये काहीच नसते, असा नाही. चांगली नेक हवामानाला कमी बळी पडते, खुंट्या घसरत नाहीत, नॉब फिरवताना खरखर येत नाही आणि बेस पट्ट्यावर टांगली असता नेककडे झुकत नाही. दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात तीन तासांचा कार्यक्रम असेल आणि दोन गाण्यांमध्ये निवेदकाची चार वाक्ये एवढाच वेळ मिळत असेल, तर या गोष्टींचे मोल कळते. माझ्या महागड्या बेसने मला दिली ती ही निश्चिंतता. काही उणिवा मात्र केवळ किमतीने चुकत नाहीत. फेंडरच्या जॅझ बेसच्या धाटणीच्या उंची वाद्यातही दोनपैकी एकच पिकअप (तारेचे कंपन टिपणारे चुंबक) वापरला, तर घुंईऽऽ असा आवाज येऊ शकतो, आणि सर्वांत पातळ तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर विझतो, तो दोन लाखांच्या बेसवरही विझू शकतो. हा नेकच्या कंपनाचा धर्म आहे.

पैसे असतील तर ते बेसच्या आधी ऐकण्याच्या साधनावर खर्च करावेत, असे मी सांगतो. चार तारांच्या बेसच्या सर्वांत खालच्या सुराची कंपने सेकंदाला सुमारे ४१ असतात, आणि सहा इंची स्पीकरला तो सूर नीट काढता येत नाही. आमच्या पिढीने राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांतील बेस ट्रान्झिस्टरवर ऐकली आणि तरीही ती आम्हांला पाठ झाली, याचे कारण कान वरच्या स्वरांशांवरून खालचा सूर मनात पुरा करून घेतो. ऐकणाऱ्याला हे चालते. वाजवणाऱ्याला चालत नाही, कारण आपला सूर कोठे संपला हे त्याला ऐकू यावे लागते. शिवाय चाळीत किंवा फ्लॅटमध्ये खर्ज भिंतीतून शेजाऱ्यांच्या घरात पोहोचतो. म्हणून तीन-चार हजारांचे कान पूर्ण झाकणारे, मागून बंद असे चांगले हेडफोन आणि ते जोडता येतील असे छोटे यंत्र, एवढे घरच्या रियाजाला पुरते. मोठा ॲम्प घेण्याची घाई करू नये. नाट्यगृहात तुमची बेस डीआय बॉक्समधून (बेसचा संकेत मिक्सरला मानवेल असा करणाऱ्या छोट्या पेटीतून) मिक्सरमध्ये जाते आणि प्रेक्षक सभागृहाचे स्पीकर ऐकतात. केबल मात्र चांगली असावी. लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात तार आणि प्लग घेऊन ती स्वतः डाखून बनवता आली, तर फारच उत्तम.

त्या बाईंना मी सांगितले की, आहे त्याच बेसचा सेटअप करून घ्या, ४५ ते १०५ मापाच्या (जाडी इंचाच्या हजारांशांत) नव्या तारा चढवा आणि वर्षभर थांबा. नव्याने घेणाऱ्यांसाठी माझे मत असे की, १५ ते २५ हजारांत आज मिळणारी यामाहा, आयबनेझ किंवा स्क्वायरची बेस १९९६ साली मला मिळाली असती, तर माझी दोन वर्षे वाचली असती. हाताचा पंजा लहान असेल, तर नट ते ब्रिज तारेची लांबी ३४ इंचांऐवजी ३० इंच असलेली बेस घेण्यात कमीपणा मानू नये. पाचवी तार गरज पडेपर्यंत टाळावी. बेस वाजवून पोट भरू लागले, की महागडी जरूर घ्यावी. त्या वेळी ती कोणती हवी, हे विचारायला माझ्याकडे यावे लागणार नाही.

दुकानात जाताना, मग ते धोबी तलावचे १८६५ पासूनचे फर्टाडोज असो की तुमच्या उपनगरातले नवे दालन, सकाळी गर्दी नसताना जावे. बेस आधी ॲम्पला न जोडता वाजवावी आणि प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेटचा सूर सावकाश ऐकावा. कोठे खणखण होते, कोणता सूर लवकर मरतो, हे तेव्हाच कळते. ॲम्पचा आवाज आणि विक्रेत्याचे बोलणे सुरू झाल्यावर ते कळणे कठीण असते. नेकची कड पाठीकडून बोट फिरवून पाहावी, फ्रेटची टोके टोचत असतील, तर ती घासून देण्यास सांगावे. उभे राहून, पट्टा लावून दहा मिनिटे वाजवावी, कारण घरी ती बसून वाजवली जाईल, पण रंगमंचावर चार किलोचे वजन खांद्यावरच असणार आहे. वापरलेली बेस घेत असाल, तर ट्रस रॉडचा नट दोन्ही बाजूंना थोडा फिरतो आहे, याची मालकासमोर खात्री करून घ्यावी. तो जाम असेल, तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. नवी घेत असाल, तर पिशवीत तिच्या मापाची ॲलन की आहे ना, हे बिल होण्याआधी पाहून घ्यावे.