दहा झाली, नऊ हयात

रविवार रात्र

१९११ च्या आयरिश खानेसुमारीच्या फॉर्मवर एक ओळ शाईने खोडलेली आहे. खोडणाऱ्याने रेघ इतक्या हलक्या हाताने मारलीये की खालचे आकडे सरळ वाचता येतात. लग्नाला वर्षं ४४, जिवंत जन्मलेली मुलं १०, आज हयात ९. खोडलं कारण हा रकाना फक्त सवाष्णींसाठी होता आणि ही बाई विधवा. म्हणजे तिला कुणी विचारलंच नव्हतं, तरी तिने सांगितलं, आणि मग फॉर्म गोळा करणाऱ्या पोलिसाने नियमाप्रमाणे रेघ ओढली. मी हे पान झूम करून किती वेळ बघत बसले होते काय माहीत, नवरा दोनदा येऊन जेवणार का विचारून गेला.

ही बाई म्हणजे माझ्या सासूबाईंच्या आजीची आई. केरी परगणा, डिंगल द्वीपकल्प, अगदी पश्चिमेचं टोक, डनक्विनजवळची एक वाडी. तिथून समोर ब्लास्केट बेटं आणि त्याच्या पलीकडे थेट अमेरिका. २ एप्रिल १९११ च्या रात्री घरात कोण कोण होतं तर एक मुलगा, त्याची बायको, त्यांची दोन पोरं आणि ही म्हातारी. एक मुलगी शेजारच्या पॅरिशमध्ये, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीत, दिलेली. उरली सात, आणि ती सातही समुद्रापार.

इथे मॅसॅच्युसेट्समध्ये ज्याच्या त्याच्या घरी वंशावळ असते आणि ती बोटीपासून सुरू होते. अमुक आजोबा अमुक साली आले, गिरणीत लागले, मग पोलिसात गेले वगैरे. बोटीच्या आधीचं काय तर "फ्रॉम केरी", संपला विषय. आणि मला आता जे गेले त्यांच्यापेक्षा ज्यांची गेली त्यांचाच जास्त नाद लागलाय. सासूबाई म्हणतात तू आमच्यापेक्षा जास्त आयरिश झालीस. असेल.

मंगळवार

गंमत बघा, या बाईचं नाव तिच्या स्वतःच्या देशात जेवढ्या कागदांवर सापडलं त्याहून जास्त कागदांवर अमेरिकेत सापडलं, जिथे तिने कधी पाऊलही टाकलं नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १८४१ पासून जन्म-मृत्यू-लग्नाच्या नोंदी सरकारी आहेत, आणि लग्न असो की मृत्यू, त्यात आई-बापाची नावं लिहितात, बऱ्याचदा आईचं माहेरचं आडनावसुद्धा. त्यामुळे स्प्रिंगफील्डला पोराचं लग्न झालं की म्हातारी एका कागदावर, मुलगी बाळंतपणात गेली की म्हातारी दुसऱ्या कागदावर. मी सहा मुलं अशीच शोधली, आईच्या माहेरच्या आडनावावरून. आडनाव इथे लिहीत नाही, सासरच्यांना आवडणार नाही. शिवाय लिहून उपयोग शून्य, त्या भागात अर्ध्या गावाचं आडनाव तेच.

स्प्रिंगफील्डच का? कारण तिथला हंग्री हिल भाग. ब्लास्केट आणि डनक्विनकडची माणसं एकामागून एक तिथेच उतरली. पहिला जातो, पैसे साठवतो, पुढच्याचं तिकीट पाठवतो, तो येऊन तिसऱ्याचं. आमच्या पणजीबाई, म्हणजे सासूबाईंची आजी, सगळ्यात धाकट्या, १९०८ साली बॉस्टनला उतरल्या, वय १९. तो बोटीचा कागद, म्हणजे प्रवाशांची यादी, जपून ठेवावा असा आहे. १९०७ च्या कायद्यानंतर त्या यादीत नवा रकाना आला, मागे मायदेशात जवळचं कोण आहे त्याचं नाव-पत्ता. तिथे आईचं नाव आणि वाडीचं नाव, दोन्ही. वाडीचं नाव मिळणं म्हणजे अर्धी लढाई, कारण आयर्लंडमध्ये अशा साठ हजारांवर वाड्या आहेत आणि एकाच नावाच्या ढिगाने. त्याच ओळीत पुढे, भाडं कोणी भरलं: बहीण. जवळ पैसे किती: दहा डॉलर. कोणाकडे जाणार: तीच बहीण.

बापाचं नाव नाही म्हणजे बाप तोवर गेला असणार हे तिथेच कळलं.

गुरुवार, ऑफिसमधून आल्यावर

आज चिडचिड झाली त्यामुळे ती आधी लिहून टाकते. कुणीतरी ऑनलाइन झाडात (वंशवृक्षात) आमच्या पणजीची आई म्हणून तिसरीच बाई लावून ठेवलीये, कॉर्कची, आणि वीसेक लोकांनी ते झाड जसंच्या तसं उचललंय. नाव सारखं, वय साधारण सारखं, झालं यांचं संशोधन. अरे मेरी, ब्रिजेट, जोहॅना, जॉन, पॅट्रिक यापलीकडे त्या देशात नावं ठेवायची पद्धतच नव्हती, पहिला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, दुसरा आईच्या बापाच्या, मुलींचंही तसंच, मग चुलत भावंडं सगळी एकाच नावाची होणार नाहीतर काय. हे मोठमोठ्यांच्या बाबतीत झालंय. एलिस आयलंड, न्यूयॉर्कचं स्थलांतरितांना उतरवून घ्यायचं ठाणं, उघडलं १ जानेवारी १८९२ ला आणि पहिली उतरली ती कॉर्कची अ‍ॅनी मूर, सोबत दोन धाकटे भाऊ, आई-बाप आधीच न्यूयॉर्कला पोचलेले. तर कित्येक वर्षं लोक टेक्सासमध्ये वारलेल्या एका अ‍ॅनीला ही अ‍ॅनी समजत होते, आणि २००६ मध्ये निघालं काय तर टेक्सासवाली जन्मलीच होती इलिनॉयमध्ये! खरी अ‍ॅनी आयुष्यभर न्यूयॉर्कमध्येच होती.

असो. आमच्यापुरतं नशीब एवढंच की केरी आहे. आयर्लंडची कागदपत्रं म्हणजे एक दुखणंच. ३० जून १९२२ ला यादवी युद्धात डब्लिनचं फोर कोर्ट्स आवार उडालं, रेकॉर्ड ऑफिस तिथेच होतं, १८२१ ते १८५१ च्या खानेसुमाऱ्या जवळपास सगळ्या त्यात जळाल्या. १८६१ आणि ७१ च्या सरकारने स्वतःच नष्ट केल्या होत्या, ८१ आणि ९१ च्या पहिल्या महायुद्धात कागद कमी पडला म्हणून लगदा करून टाकल्या. राहिल्या १९०१ आणि १९११, त्या मात्र पूर्ण आणि फुकट. सरकारी जन्मनोंदी १८६४ पासून, त्यामुळे त्याआधी जन्मलेल्यांना चर्चशिवाय वाली नाही. केरीची चर्चची पुस्तकं सरकारी साइटवर नावानिशी शोधता येतात, बाकी बऱ्याच परगण्यांना हे सुख नाही, तिथे नॅशनल लायब्ररीच्या स्कॅनमध्ये पान पान उलटत बसा. लॅटिनमध्ये लिहिलेलं, शाई उडालेली, पाद्रीबुवांचं अक्षर असं की देवालाच वाचता यावं.

तिथे ती सापडली. बाप्तिस्मा १८४६, दुष्काळाच्या ऐन मध्यात. बटाट्यावर रोग पडला १८४५ ला, पुढच्या सहा-सात वर्षांत दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली, आणि ही त्यातून जगली. मला तेच जास्त भारी वाटतं. आणि एक चांगली गोष्ट म्हणजे ते पाद्री बाईला शेवटपर्यंत माहेरच्या नावाने लिहायचे, दहाही पोरांच्या बाप्तिस्म्यात ती माहेरच्या आडनावाने आहे.

शनिवार, पाऊस, घरीच

आज घराच्या फॉर्मवर बसले. १९११ ला माणसांचा फॉर्म वेगळा, घराचा वेगळा आणि गोठ्यांचा वेगळा. भिंती दगडाच्या, छप्पर गवती, खोल्या दोन, समोर खिडक्या दोन. गाईचा गोठा एक, डुकरांचा एक, कोंबड्यांचा एक. या दोन खोल्यांत दहा बाळंतपणं. भाषेच्या रकान्यात मुलगा आणि सून "आयरिश आणि इंग्लिश", म्हातारी नुसती "आयरिश". पुढे "वाचता येत नाही". म्हणजे अमेरिकेतून लेकींची पत्रं यायची ती कुणीतरी दुसऱ्याने वाचून दाखवायची, बहुतेक शाळेत गेलेल्या एखाद्या पोराने किंवा मास्तरने, आणि इंग्रजीत लिहिलेली असतील तर तोंडी आयरिश करून. लेकीने आईला खाजगी काही लिहायचं कसं मग? पैसे मात्र समजायला भाषा लागत नाही, डॉलर पाकिटात असायचेच, जमिनीचा खंड आणि दुकानाची उधारी त्यातच भागायची.

जमिनीचं पण पाहिलं. ग्रिफिथचं व्हॅल्युएशन म्हणून आहे, १८४७ ते १८६४, घरटी कोण कूळ, मालक कोण, जमीन किती आणि पट्टी बसवायला धरलेली किंमत किती. नंतर कूळ बदललं की जुनं नाव खोडून वेगळ्या रंगाच्या शाईने नवीन नाव आणि बाजूला साल, थोडक्यात आपले फेरफार. सासऱ्याचं नाव खोडून नवऱ्याचं, नवऱ्याचं खोडून १९०६ ला मुलाचं. हिचं नाव कुठेच नाही. चाळीस वर्षं त्या जमिनीत बटाटे काढले असतील बाईने.

आणि निरोप. जाणाऱ्याच्या आदल्या रात्री घरी अमेरिकन वेक व्हायचा, वेक म्हणजे मढ्याशेजारी रात्रभर जागतात ते. इथे मढ्याच्या जागी जिवंत पोर. गाणी, नाच, दारू आणि पहाटे बायकांचा आक्रोश, कारण परत भेट नाही हे सगळ्यांना माहीत. मग सकाळी डिंगलपर्यंत, तिथून १८९१ नंतर ट्रलीची छोटी रेल्वे, पुढे क्वीन्सटाऊन बंदर, आताचं कोव्ह. या घरात हे सात वेळा झालं. लोक दर वेळी "धाडसी तरुण" वगैरे लिहितात तेव्हा मला राग येतो, धाडस काय, घरात एकालाच जमीन मिळणार आणि मुलींपैकी एकीलाच हुंडा, बाकीच्यांनी करायचं काय? आणि त्यात मुली मुलांइतक्याच गेल्या, एकेकट्या, लग्नाआधी, बॉस्टनच्या श्रीमंतांकडे स्वयंपाक-धुणीभांडी करायला, आणि घरी पैसे पाठवण्यात त्याच पक्क्या.

सोमवार

सातवी सापडत नव्हती. बाप्तिस्म्यात नाव गॉबनेट, जन्म १८७७. अमेरिकेत एकही गॉबनेट नाही. जुन्या बॉस्टन पायलट पेपरातल्या हरवलेल्यांच्या जाहिरातीही चाळल्या, १८३१ पासून १९२१ पर्यंत छापत होते ते, अमुक वाडीचा अमुक, अमुक साली उतरला, भाऊ शोधतोय, आई शोधतेय. तिथे आमचं कुणी नाही, पण वाचायला बसलं की उठवत नाही. मग केरीच्या एका जुन्या पाद्रीच्या टिपणीवरून कळलं की इंग्रजी कागदावर गॉबनेटचं अ‍ॅबी, अ‍ॅबिगेल, नाहीतर चक्क डेबोरा करतात. डेबोरा! कुणाच्या बापाला सुचेल? मॅसॅच्युसेट्समधल्याच होल्योक गावात १९१० च्या खानेसुमारीत एक डेबोरा, जन्म आयर्लंड, वय जुळतंय, नवरा पेपर मिलमध्ये. तिच्या लग्नाच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव बरोब्बर तेच, बापाचं नाव तेच.

सासूबाईंना लगेच फोन केला. म्हटलं, होल्योकची अ‍ॅबी किंवा डेबोरा कोणी आठवते का? त्या थोडा वेळ गप्प, मग म्हणाल्या, अगं आजीची ती मैत्रीण, तिच्या गोष्टी ऐकल्यात की, ख्रिसमसला केक घेऊन यायची आणि दोघी स्वयंपाकघरात दार लावून आयरिशमध्ये बोलत बसायच्या. मैत्रीण कसली, सख्खी बहीण. घरात कुणी सांगितलंच नाही की कुणी विचारलं नाही. फोनवर दोघी हसलो आणि मग सासूबाईंचा आवाज जरा बसला, मी विषय बदलला.

बुधवार

म्हातारीचा मृत्यू सापडला. १९१५, फेब्रुवारी. कारण ब्राँकायटिस, डॉक्टर नाही. खबर देणारी सून, "मृत्यूसमयी हजर", आणि सहीच्या जागी फुली. सातासमुद्रापलीकडची सात पोरं आणि शेवटी उशाशी कोण तर सून. आम्ही सुना अशाच. (हे नवऱ्याला वाचून दाखवलं, त्याने मान डोलावली, बरं केलं.)

वय लिहिलंय ८०. जन्म १८४६, मृत्यू १९१५, म्हणजे ६९! मागे जाऊन बघितलं तर १९०१ च्या फॉर्मवर ५२, १९११ ला ७१. दहा वर्षांत बाई एकोणीस वर्षांनी म्हातारी झाली. याचं उत्तर पेन्शन. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरीच्या पुढच्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंग मिळायला लागले आणि आयर्लंडभर लोकांची वयं धडाधड वाढली. जन्मदाखले कुणाकडेच नाहीत, मग कुणी सांगायचं मला १८३९ चं मोठं वादळ आठवतंय, पेन्शनची कमिटी विश्वास ठेवायची. काहींसाठी डब्लिनहून १८४१-५१ च्या खानेसुमारीत शोध घ्यायचे, आणि मूळ पुस्तकं जळली तरी त्या शोधाचे फॉर्म उरलेत, आज त्यांच्यावरून कित्येकांना खापरपणजोबा मिळतात. आमच्या बाईंच्या नावाचा नाही. कमिटीसमोर त्यांनीही ते वादळ बघितल्याचं सांगितलं असणार, जन्माच्या सात वर्षं आधीचं.

सासूबाईंना सगळं पाठवलं आणि विचारलं, झाडात वय काय लिहू, ६९ की ८०? माझं म्हणणं ६९, बाप्तिस्मा हातात आहे. त्यांचा मेसेज आला, ८० लिही, पाच शिलिंगासाठी तिने एवढी वर्षं कमावली, ती तू कशाला काढून घेतेस.

मी ६९ लिहून कंसात ८० टाकलंय. सासूबाईंनी लॉगिन करून कंस उलटा केला.