केंटकीचे बिअर चीज आणि ऑलमन भावांचा वारसा

केंटकी हे नाव आपल्याकडे तळलेल्या कोंबडीमुळे घरोघरी पोहोचले असले, तरी लेक्सिंग्टनच्या परिसरात राहायला आलेल्या माणसापुढे पाहुणचारात हमखास येतो तो बिअर चीजचा वाडगा. चांगले मुरलेले चेडर, लसूण, लाल मिरचीची पूड आणि बिअर एकत्र घोटून केलेले हे केशरी, घट्टसर मिश्रण थंडच वाढले जाते आणि खारट क्रॅकर, सेलरीच्या दांड्या किंवा मुळ्याच्या चकत्या त्यात बुडवून खाल्ल्या जातात. पहिल्या घासाला चीजचा आंबूसपणा लागतो, मग लसूण जाणवतो आणि मिरची घशाशी पोहोचते ती सर्वांत शेवटी. अमेरिकी जेवण मिळमिळीत असते, ही आपली ठाम समजूत इथे थोडी डळमळते.

या पदार्थाचे मूळ लेक्सिंग्टनजवळच्या क्लार्क काउंटीत आहे. विंचेस्टर हे त्या काउंटीचे मुख्य गाव. तिथून केंटकी नदीकडे उतरले की बून्सबरोचा परिसर लागतो, जिथे डॅनियल बून याने १७७५ मध्ये वसाहतीचा किल्ला उभारला होता. याच नदीकाठी जॉनी ऑलमन यांचे ‘ड्रिफ्टवुड इन’ नावाचे उपाहारगृह होते. त्यांचे नात्याने भाऊ असलेले जो ऑलमन हे व्यवसायाने स्वयंपाकी होते आणि १९४० च्या सुमारास त्यांनीच हे मिश्रण जॉनींच्या गिऱ्हाइकांसाठी तयार केले, असे येथे परंपरेने मानले जाते. तेव्हा त्याचे नाव ‘स्नॅपी चीज’ असे होते. ते विकले जात नसे, तर पेयांबरोबर फुकट दिले जाई. अमेरिकेतील दारूबंदी १९३३ मध्ये उठली होती. बंदीपूर्वीच्या गुत्त्यांमध्ये खारट पदार्थ फुकट ठेवून पेयांचा खप वाढवण्याची रीत जुनीच होती, तिचाच हा नवा आणि अधिक चविष्ट अवतार म्हणता येईल. आपल्याकडचा मसाला लावलेला चकना जे काम करतो, तेच काम मिरची घातलेले हे चीज करत होते.

मला या कथेत सर्वाधिक रस वाटतो तो जो यांच्या वाट्याविषयी. ते ॲरिझोनातील फिनिक्स येथे राहिलेले होते आणि नैर्ऋत्य अमेरिकेतल्या तिखट चवींची सवय त्यांनी तिथूनच आणली, असे सांगितले जाते. म्हणजे आज ज्या पदार्थाला केंटकीची खास ओळख मानतात, त्याचा ठसका मुळात बाहेरून आलेला आहे आणि तो रुजला तो केवळ नात्यातल्या माणसाचे उपाहारगृह इथे होते म्हणून. मालकाचे नाव पाटीमुळे लोकांच्या तोंडी राहते आणि मुदपाकखान्यात राबणाऱ्याचे मागे पडते, हा अनुभव सगळीकडचाच आहे. इथे निदान दोन्ही भावांची नावे एकत्र घेतली जातात.

पुढे हा पदार्थ ऑलमन घराण्यापुरता राहिला नाही. नदीकाठच्या दुसऱ्या उपाहारगृहांनी तो उचलला, आसपासच्या कुटुंबांनी आपापल्या हाताने तो करायला घेतला आणि हळूहळू प्रत्येक घराची कृती ही ‘आजीची खरी कृती’ झाली. कोणी त्यात कोरडी मोहरीपूड घालतो, कोणी वूस्टरशायर सॉस, कोणी लसूण दुप्पट करतो. विचारले तर साहित्य सांगतील, पण प्रमाण विचारताच हसून विषय बदलतील. केंटकीच्या विधिमंडळाने २०१३ मध्ये क्लार्क काउंटीला बिअर चीजचे जन्मस्थान म्हणून मान दिला आणि विंचेस्टरमध्ये २००९ पासून जून महिन्यात त्याचा उत्सव भरतो, जिथे व्यावसायिकांबरोबर हौशी मंडळीही आपले चीज परीक्षणासाठी मांडतात. जन्मस्थानाचा निकाल असा सरकारदरबारी लागला. सर्वांत अस्सल चव कोणाच्या घरची, हा वाद मात्र दरवर्षी नव्याने रंगतो आणि तो मिटावा अशी कोणाचीच इच्छा दिसत नाही.

घरी करायचे असल्यास चीजची वडी आणून ती स्वतः किसावी, कारण पाकिटातल्या तयार किसाला तो चिकटू नये म्हणून स्टार्च लावलेला असतो आणि मिश्रण रवाळ होते. बिअर आधी उघडून फेस पूर्ण मरू द्यावा आणि ती घोटताना थोडी थोडी घालावी. एकदम ओतल्यास चीज आणि पाणी वेगळे पडतात. लगेच चाखल्यास कच्चा लसूण टोचतो, म्हणून डबा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा.

शाकाहारी मंडळींनी दोन गोष्टी मात्र आवर्जून तपासाव्यात. वूस्टरशायर सॉसमध्ये बहुधा अँकोव्ही मासा असतो आणि अनेक चेडर चीजमध्ये प्राणिजन्य रेनेट (दूध गोठवणारे विकर) वापरलेले असते, त्यामुळे वेष्टनावरील साहित्याची यादी वाचल्याशिवाय काहीच गृहीत धरू नये. शिवाय हे मिश्रण शिजवले जात नसल्याने बिअरमधील मद्यार्क उडून जात नाही. मद्य वर्ज्य असलेल्या पाहुण्यासमोर हा वाडगा ठेवताना ते आधीच सांगितलेले बरे.