नसबंदीनंतरचा तिसरा दिवस

नर कुत्र्याची नसबंदी आम्हा पशुवैद्यांच्या इतकी हातातली शस्त्रक्रिया आहे, की तिच्याविषयी मुद्दाम लिहावे असे मला कधी वाटले नव्हते. वृषणकोशाच्या किंचित पुढे एकच लहान छेद घ्यायचा, दोन्ही वृषणे एकामागून एक त्याच वाटेने बाहेर आणायची, रक्तवाहिन्या आणि वीर्यनलिका घट्ट बांधून कापायच्या आणि थर शिवून घ्यायचे. कोश मात्र जागेवरच राहतो, आणि नंतर कटकट होते ती बहुधा या रिकाम्या पिशवीचीच. आतल्या बारीक वाहिन्यांतून रक्त झिरपत राहिले, तर त्याला साठायला तिथे आयती जागा असते.

ही केस दीड वर्षाच्या, अंगाने दांडग्या लॅब्रॅडॉरची. त्याला सांभाळणारे निवृत्त काका इतके काटेकोर, की प्रत्येक रुग्णाला असा माणूस मिळावा. पहिल्या रात्री ते त्याच्याजवळच जमिनीवर अंथरूण टाकून झोपले. भूल उतरताना तो कुडकुडला, थोडा कण्हला, कोरडा खोकलाही. त्यासाठी त्यांनी फोन केला, तेव्हा श्वासनलिकेत घातलेल्या नळीमुळे घसा एकदोन दिवस खवखवतो, हे मी त्यांना सांगितले. नेहमीच्या निम्मेच जेवण, गळ्यातली प्लास्टिकची कॉलर झोपेतसुद्धा न काढणे, अंघोळ बंद, जखमेचा सकाळ-संध्याकाळ एकाच उजेडात काढलेला फोटो, हे सारे त्यांनी केले. औषधाची वेळ आणि हिरड्यांचा रंग ते वहीत टिपून ठेवत. ‘बिचाऱ्याला कॉलर टोचते’ म्हणून ती काढून ठेवणारे आणि ‘चाटल्याने जखम भरते’ असे मलाच समजावणारे लोक मी रोज पाहते. काका त्यांतले नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते कुत्र्याला घेऊन आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “डॉक्टर, काढलेलं परत आलं की काय?”

प्रश्न हसण्यासारखा वाटला, तरी दृश्य तसेच होते. कोश शस्त्रक्रियेआधीपेक्षाही मोठा, ताठ आणि जांभळा पडला होता. टाके मात्र शाबूत होते, कडा कोरड्या, पू किंवा वास नाही. हिरडी बोटाने दाबून सोडली, तर दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परतत होता, म्हणजे रक्ताभिसरण ठीक होते, ताप 38.8 अंश सेल्सिअस, म्हणजे कुत्र्याच्या दृष्टीने नाहीच. तरीही सोनोग्राफी केली, कारण रक्तवाहिनीची गाठ सुटली तर बांधलेले टोक पोटात सरकते आणि रक्त आत साठत जाते, बाहेरून काही दिसत नाही. पोट कोरडे निघाले. रक्त फक्त कोशातच साकळले होते.

घडले होते ते असे. सकाळी दाराची घंटा वाजली आणि हा सोफ्यावरून उडी मारून धावला. पाहुण्यांचे स्वागत झाल्यावर घरभर फेऱ्या झाल्या. “तो एकदम पहिल्यासारखा झाला होता हो, म्हणून आम्हाला बरंच वाटलं,” असे काका म्हणाले. शिवाय आता तो शांतच राहील, असे त्यांना आमच्याच दवाखान्यात कोणीतरी सांगितले होते. या सांगण्याचा मला राग येतो. संप्रेरकाची पातळी झपाट्याने उतरते हे खरे, पण तरुण कुत्र्याची दांडगाई केवळ त्यावर चालत नाही. इतकेच काय, नलिकांमध्ये उरलेल्या शुक्राणूंमुळे काही आठवडे त्याला माजावर आलेल्या मादीपासूनही दूर ठेवावे लागते.

माझ्या डोक्यात घोळत राहिले ते वेगळेच. तिसऱ्या दिवशी जखम अजून दाहाच्या टप्प्यात असते, तिला धरून ठेवतो तो केवळ धागा. नवे तंतू नंतर विणले जातात आणि दोन आठवड्यांनीही तिथली ताकद मूळच्या त्वचेच्या जवळपासही पोहोचलेली नसते. कुत्र्याला मात्र याची जाणीव नसते, कारण मेलॉक्सिकॅमने त्याचे दुखणे थांबवलेले असते. माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, “थोडं दुखू द्या, म्हणजे गप्प पडून राहतो.” हे मत मला मुळीच मान्य नाही. दुखणारा कुत्रा गप्प बसतोच असे नाही. तो जखमेला तोंड लावायला धडपडतो, खात नाही, आणि मग घरातले कोणीतरी माणसांची आयब्युप्रोफेनची गोळी देऊन त्याच्या पोटात अल्सर आणि मूत्रपिंडांना इजा करून बसते. पण या केसमध्ये औषधाने आपले काम चोख केले आणि त्यामुळेच तो उधळला, हे मी नाकारू शकत नाही.

बिलासोबत हाती पडणाऱ्या आमच्या सूचनापत्रकावर ‘विश्रांती द्या’ एवढेच छापलेले असते. लॅब्रॅडॉरच्या बाबतीत त्याचा अर्थ काय, ते कोणी सांगत नाही. घरातही पट्टा बांधलेला, लहान खोली किंवा पिंजरा, सोफा आणि जिने बंद, बाहेर फक्त शी-शूसाठी, आणि हे सगळे दहा ते चौदा दिवस. डोक्याला काम हवे, म्हणून जेवण पोकळ खेळण्यात भरून चाटत बसायला द्यायचे. मी काकांना हे सारे लिहून दिले, कापडात गुंडाळलेल्या बर्फाने दिवसातून तीनचार वेळा दहा-दहा मिनिटे शेकायला सांगितले आणि ट्रॅझोडोन हे कुत्र्याला शांत ठेवणारे औषध सुरू केले. सूज वाढत गेली असती तर कोशच काढावा लागला असता. ती वेळ आली नाही, जांभळा रंग पिवळट होत ओसरला.

आता अशा उधळ्या कुत्र्यांना मी ट्रॅझोडोन घरी पाठवतानाच देते. ज्येष्ठांना ते पटत नाही. त्यांचा आक्षेप असा, की गुंगीतल्या कुत्र्याला खरोखर रक्तस्रावाने ग्लानी आली, तर घरच्यांना फरक कळणार कसा? हिरड्या, खाणे आणि ताप यांवरून, असे मी म्हणते. त्यावर ते विचारतात, “हिरड्यांचा रंग वहीत लिहिणारे किती जण भेटले तुला?”